न ओढलेली दोरी

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. तिच्यापासून काही लपवणं म्हणजे मांजरीपासून दूध लपवणं — तरी ही लपली. आज तुम्हाला सांगतो. का, ते मलाही नीट कळत नाही.

नांदुऱ्यात माझं बियाण्यांचं दुकान आहे. धंदा बरा चालतो, पोरं मार्गी लागलीत, खाल्लेलं पचतं. एकूण सुखात आहे. जुनी माणसं अजून मला 'बुवा' म्हणतात, गाणाऱ्याला म्हणतात तसं. आता खरं सांगू? मी सा लावला तर शेजाऱ्याची म्हैस दावं तोडेल.

मग बुवा कसा झालो?

गणपतीत आमचं हौशी मंडळ नाटक बसवायचं. त्या वर्षी फार्स होता. त्यात संगीत नाटक कंपनीच्या कपडेपटवाल्यालाच लोक थोर गवई समजतात, हारतुरे घालतात. तो बिचारा नुसतं तोंड हलवतो आणि खरा गवई मागच्या पडद्याआडून गातो. शेवटी कपडेपटवाल्याच्या हातून चुकून दोरी ओढली जाते, मागचा पडदा पडतो, खरा गवई सगळ्यांना दिसतो, प्रेक्षकांनाही तेव्हाच कळतं — आणि खेळ खलास. कपडेपटवाला मी. गवई वसंता, माझा शाळेपासूनचा मित्र, रोहिणखेडकडचा. घरचा भाजीपाल्याचा मळा, आणि गळा देवाने दिलेला. सगळं नाटक त्याने पडद्याआड बसून काढायचं. दिसायचं ते फक्त शेवटी, जरीचा कोट आणि फेटा घालून. तेवढ्यासाठी त्याची माय एसटीने आली होती. पहिल्या रांगेत बसली होती.

वसंताचं शेवटचं पद असं रंगलं की 'वन्स मोअर' आला. पुन्हा झालं. लोक उभे राहिले — आणि बघत होते माझ्याकडे. दोरी माझ्या हातात होती. ओढायची होती, बस. पण मला आयुष्यात कुणी तसं पाहिलं नव्हतं हो! मी दोरी सोडली आणि हात जोडले. दर्शनी पडदा सांभाळणाऱ्याला वाटलं, संपलं. त्याने तो पाडून टाकला.

दोरी अडकली — असं मी सगळ्यांना सांगितलं. वसंताने दोरीकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "जाऊ दे बे, दोरीले तू काय करशील!" फेटा तसाच डोक्यावर होता त्याच्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण बाहेर माय भेटली. लोक मला हार घालत होते, आणि ती म्हणाली, "बाबू, आवाज तं माह्या वसंताचाच होता, मले का वळखू येत नाही? पण तो दिसला काऊन नाही? त्याले फेट्यात पाह्याचं होतं मले."

मी म्हटलं, "दोरी अडकली, माय." गळ्यात हार होता तेव्हा.

पुढे ती कधी नाटकाला आली नाही. मळा, गुडघे, काही ना काही निघायचं. आता ती नाही.

वसंता आहे. नातवंडांत रमलाय, झकास गातो, आठवड्याला वांगी आणून देतो आणि पैसे दिले तर चिडतो. मंडळाचं नाटक आता पोरं करतात. पण दरवर्षी खेळाच्या आधी वसंता स्वतः शिडीवर चढतो, कप्पीला तेल घालतो, दोरी दोनदा ओढून बघतो. म्हणतो, "तुह्यासारखी फजिती कोण्या पोराची नाही झाली पाह्यजे."

मी खाली शिडी धरून उभा असतो. दोरी अडकली नव्हती. मी ती ओढली नाही.