कुलूपबंद घरातून गेलेला फोटो

ती केस आठवली की अजून अंगाची आग होते. निपाणी भागातल्या एका ठाण्यात मी होमगार्ड होते. बाईची चौकशी असली की बाईमाणूस हजर लागतं, म्हणून मला तिथं उभं करत.

एका मुलीचे बनावट, घाणेरडे फोटो तिच्या होणाऱ्या सासरी पोचले होते. लग्न मोडायच्या बेतात आलं. फोटो ज्या नेटवरून गेले ते शेजारच्या जैन घरातलं निघालं. त्या घरात कॉम्प्युटर येणारी एकटी सून, घरी बसून कंपनीचं काम करायची. झालं, तिलाच ठाण्यात आणलं. गुन्हा नोंदला असता तर नोकरी गेली असती, आणि अब्रूही.

"हेळम्मा, सांग! जळत होतीस व्हय तिच्यावर?" साहेब अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत दरडावले.

"मी न्हाय पाठवलं, साहेब."

"मग तुझ्या घरातनं भुतानं पाठवलं?"

तिचा नवरा बाकावर मान खाली घालून बसला होता. बायकोसाठी एक शब्द बोलला नाही.

गाठ सोडवली ती फिर्यादी मुलीच्या आईनंच. शेवटचा फोटो कधी गेला ते साहेबांनी सांगताच ती चमकली. "चतुर्दशीला? त्या दिवशी ही माणसं मोबाईल कपाटात ठेवून बस्तीत, त्यांच्या देवळात, जातात. घराला कुलूप असतंय. सगळ्या गल्लीला ठाऊक हाय."

"मग नेट कसं चालू?"

"नेट जोडणाऱ्या अण्णानं सांगितलंय, राउटरचा डबा कधी बंद करू नका," सून म्हणाली.

साहेबांनी डबा मागवला आणि जोडणाऱ्यालाही बोलावलं. सायबरच्या पोलिसानं राउटर तपासला. बाहेरच्याला अडवणारी फायरवॉल बंद, पासवर्ड कारखान्यातून आला तोच, बाहेरून शिरायची वाट सताड उघडी.

"फायरवॉल कुणी बंद केली?"

"मीच, साहेब," जोडणारा हसत म्हणाला. "सारखं कोण जातंय लोकांच्या दारात? दुकानात बसून सगळं बघता येतंय."

"म्हणजे दुकानात बसून तू त्यांच्या घरात शिरतोस."

त्याचं हसू विझलं. त्याच्या मोबाईलमध्ये ते फोटो सापडले. त्या मुलीनं त्याला लग्नाला नकार दिला होता. तो परगावचा, चतुर्दशीचा नेम त्याला माहीत नव्हता.

सुनेला "जा आता" म्हणून सोडलं. माफी कुणीच मागितली नाही.

नवा राउटर घ्यायला ती मला सोबत घेऊन बेळगावात खासबागेतल्या एका दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "आक्का, हा घ्या, चार अँटेना!"

"शिंगं मोजून बैल घेत न्हाईत. फायरवॉल चालू येतीया का? कंपनी अजून अपडेट देतीया का? बाहेरनं लॉगिन बंद करता येतंय का?"

"बाईमाणसाला कशाला एवढं?"

"ठाण्यात बाईमाणसालाच बसवलं हुतं," ती म्हणाली. त्यानं चार अँटेनावाला बाजूला सारला. तिनं साधा, स्वस्तातला, पण हे सगळं असलेला राउटर निवडला.

आपण दाराला कुलूप लावतो आणि दुसरी वाट परक्याच्या हातात देतो. चोरी झाली की मात्र पहिला संशय घरच्या सुनेवर. ही केस मला एवढं शिकवून गेली.

घरी येऊन तिनं स्वतः राउटर जोडला. नवरा म्हणाला, "पासवर्ड सांग की गं."

"ठाण्यात तोंड उघडलं असतंस, तर सांगितला असता."