कूलर खाली करून ठेवा

रणजित माळवदेला दोन गोष्टींचा फार अभिमान होता, स्वतःच्या तब्येतीचा आणि स्वतःच्या हिंदीचा. तब्येतीची वाट एका डासाने लावली. हिंदीच्या अभिमानाची वाट त्याची त्यानेच लावली.

हा माणूस मूळचा कराडचा. सरकारी बँकेत लागला, बदलीवर लखनऊला आला आणि विकास नगरात असा रुजला की परत जायचं नावच काढेना. बँकेत दर सप्टेंबरात हिंदी पखवाडा असतो. त्यातल्या भाषणस्पर्धेत अस्सल लखनवी मंडळींना मागे टाकून हा कराडकर पहिला यायचा आणि बक्षिसाचा थर्मास घेऊन घरी यायचा. त्याच्या बायकोने, मनीषाने, सगळ्या नातेवाइकांना थर्मास वाटले तरी माळ्यावर अजून उरलेच होते. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एखादा नवखा फौजी 'मेरे को' म्हणाला की रणजित तिथल्या तिथे त्याला सुधारायचा. मराठी काय, घरचीच. तिच्याकडे कोण बघतो? तिच्यात सब्जी आली, सफाई आली, 'फालतू टेन्शन' आलं, आणि कुठला शब्द कधी पालटला हे याच्या गावीही नव्हतं.

त्या वर्षी मनीषा जिन्यात घसरली आणि तिचा हात प्लॅस्टरमध्ये गेला, म्हणून तिची आई नंदाबाई कराडहून मदतीला आल्या. जावयाच्या घरी जास्त दिवस राहायचं त्यांच्या जिवावर आलेलं. त्यामुळे बसून खाल्लेला प्रत्येक घास फेडायचा असल्यासारख्या त्या दिवसभर काम करत. जावयाला 'रणजितराव' म्हणत, आणि ते खोलीत आले की डोक्यावरचा पदर सारखा करत.

एके दिवशी सकाळी रणजित बँकेत निघाला होता. पायात बूट, कानाला फोन. जिन्यातूनच ओरडला, "आई, तो कूलर खाली करून ठेवा बरं का! डेंग्यू सुरू आहे, नगर निगमवाले चेक करायला येतात."

मनीषा आत औषध घेऊन झोपलेली. नंदाबाईंनी खिडकीबाहेरच्या लोखंडी घोडीवरचं ते पत्र्याचं धूड बघितलं आणि कपाळाला हात लावला. पण जावई कधी नव्हे ते काही काम सांगून गेले होते. त्यांनी गल्लीतला भाजीवाला आणि इस्त्रीवाला अशा दोघांना खुणेने वर बोलावलं आणि "खाली, खाली" म्हणून सांगितलं. भाजीवाला बिचारा टाकीचं बूच काढायला गेला, तर यांनी त्याचा हातच धरला. टाकीच्या तळाशी वीतभर पाणी होतं, ते खालच्यांच्या दारात सांडायला नको म्हणून! मग हातवारे करून, दोन्ही पुरुषांना घाम फोडून, त्यांनी तो कूलर एक थेंब न सांडता जिन्यावरून उतरवला आणि मागच्या बाजूला, जिन्याखालच्या अडगळीत ठेवून दिला.

संध्याकाळी रणजितने रिकामी खिडकी पाहिली, कूलर मोकळा करून कुठेतरी आवरून ठेवला असं धरलं आणि म्हणाला, "वा आई, झालं काम!" नंदाबाईंना त्या दिवशी भाकरी गोड लागली.

पितृपक्ष सुरू झाला आणि रणजित तापाने फणफणला. डोळ्यांच्या मागे कुणी खिळे ठोकतंय असं डोकं, आणि हाडन् हाड वेगळं झाल्यासारखं अंग. रिपोर्टात डेंग्यू निघाला. मग काय विचारता! लोक 'कसे आहात' विचारायच्या आधी प्लेटलेट्स विचारू लागले. कुणी कीवी पाठवली, कुणी पपईच्या पानांचा रस. तो रस पिताना बँकेचा हा वक्ता लहान मुलासारखा तोंड फिरवायचा आणि नंदाबाई गुळाचा खडा घेऊन शेजारी उभ्या राहायच्या. तळमजल्यावरचे अस्थानाजी, रेल्वेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, रोज सकाळी कुठून तरी बकरीचं दूध मिळवून वर आणून द्यायचे.

याच अस्थानाजींना बाटल्यांमध्ये मनीप्लांट लावायचा नाद होता. जिन्यात ओळीने त्यांच्या बाटल्या असत. तापात पडल्या पडल्या रणजितच्या डोक्यात पक्कं बसलं की आपला डास तिथूनच आला. त्याने मोहल्ल्याच्या ग्रुपवर खणखणीत आवाजात निरोप टाकला, "कुछ लोगों के शौक़ की क़ीमत पूरे मोहल्ले को चुकानी पड़ती है." नाव घेतलं नाही, पण कळायचं त्याला कळलं. खाली तीन-चार जणांनी 'वाह' लिहिलं. एकाने विचारलं, "सर, रचना आपकी है?" रणजितचा ताप तेवढ्यापुरता उतरला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात एकही बाटली नव्हती. दूध मात्र आलं.

त्यानंतर तपासणीची माणसं आली. रुग्ण सापडलेलं घर म्हणून कानाकोपरा बघत ती जिन्याखाली शिरली. एकाने कूलरचा पत्रा उघडून टॉर्च मारला. आत पाण्यात नुसती वळवळ.

"ये कूलर किसका है? खाली काहे नहीं किया? पानी भरा पड़ा है!"

शेजारीपाजारी जमलेच होते. अस्थानाजी दारात उभे. रणजित चादर गुंडाळून जिन्यात आलेला. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याच्या तोंडून सफाईदार हिंदी निघून गेली, "हमारी सासू माँ ने रखवा दिया होगा. बुज़ुर्ग हैं, बात समझती नहीं."

नंदाबाई त्याच्या मागेच होत्या. त्यांनी एकदा त्या पाण्याकडे पाहिलं, एकदा जावयाकडे. मग पुढे येऊन, पदर सावरून, सगळ्यांसमोर हात जोडले. "हमारा चुकी हुआ. माफ करना," त्या म्हणाल्या. कुणीतरी हसलं.

दुपारी तो डोळे मिटून पडला होता. स्वयंपाकघरात मायलेकींचं हळू आवाजात बोलणं चाललं होतं.

"अगं, ते खाली म्हणाले, मी खाली नेऊन ठेवला," नंदाबाई सांगत होत्या. "तो टॉर्चवाला पाण्याकडे बोट करून खाली खाली करायला लागला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं, यांच्यात खाली म्हणजे रिकामं."

"मग बोलली का नाहीस?" मनीषाचा आवाज चढला. "बुद्धू ठरवलं त्यांनी तुला!"

"तोवर ते बोलून गेले होते. चारचौघांत जावयाला खोटं पाडू? माझं तिकीट तेवढं काढ, बाई."

रणजितला भिंतीत शिरावंसं वाटलं. ती शब्दाची चूक तर हसण्यावारी गेली असती. स्वतःच्याच भाषेत शब्द चुकला, लोक हसले असते, संपलं असतं. पण ज्या बाईने तापात आपलं ठणकतं डोकं मांडीवर घेतलं तिला आपण अडाणी म्हणालो, आणि आपली लाज राखायला तिने हात जोडले तेव्हा तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्याला स्वतःची किळस आली. 'आई' म्हणून हाक मारायला त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. भाषणांत बक्षिसं घेणाऱ्या माणसाला एक वाक्य सापडत नव्हतं.

सकाळी नंदाबाईंची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. अस्थानाजी दूध घेऊन आले, तेव्हा रणजित भिंतीला धरून उठला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. त्याने त्यांना सगळं सांगितलं: कूलर, शब्द, बाटल्या, ग्रुपवरचा निरोप. हिंदीत सांगणं त्यातल्या त्यात सोपं गेलं. अस्थानाजींनी ऐकून घेतलं. दुधाचा डबा खाली ठेवून ते नंदाबाईंकडे वळले.

"माताजी, आपने सबके सामने हाथ जोड़े और हम खड़े देखते रहे. हमें शर्म आती है."

नंदाबाई गोंधळल्या. "काय म्हणतायत हो ते, रणजितराव?"

लखनऊचा माणूस एकटा असला तरी स्वतःला 'हम' म्हणतो. रणजितला 'आम्ही' म्हणून सहज निसटता आलं असतं.

"तुम्ही सगळ्यांसमोर हात जोडलेत," तो अडखळत म्हणाला, "आणि मी नुसता बघत उभा राहिलो. मला लाज वाटते."

"अगंबाई! एवढं दूध घालतायत रोज, त्यांना कसली लाज? त्यांना सांगा, तुमचं काही चुकलेलं नाही."

"त्यांचं नाहीच चुकलेलं, आई," रणजित म्हणाला. "हे मी माझं सांगतोय."