नवशिक्याच्या सेटमधला काटा

शिकारीचं सामान विकते असं सांगितलं की वसईचे नातेवाईक आधी हसतात आणि मग विचारतात, "तुला बंदूक धरता येते का?" नाही येत. मला मेलेला ससासुद्धा बघवत नाही. पण शिकारी माणूस स्वतःची काडतुसं स्वतः कशी भरतो आणि नवशिक्याला त्यासाठी काय काय लागतं, हे मी शिकले. दुबईतल्या या दुकानात कितीतरी वर्षं मागच्या खोलीत बिलं केल्यावर मला पुढचं काउंटर मिळालं. ते कुणी मला दान दिलं नव्हतं, मी भांडून घेतलं होतं.

आमची बरीचशी गिऱ्हाइकं सुट्टीत परदेशी जाऊन शिकार करतात. तिथे त्यांच्या भावाचं किंवा मित्राचं फार्म असतं. बंदूक तिथली आणि परवानाही तिथला. बंदुकीची दारू आणि शिशाच्या गोळ्या हेही तिथेच घ्यायचं. आम्ही फक्त अवजारं विकतो.

काम ऐकायला सोपं आहे. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, दाबयंत्रात दाबून तिचा आकार पुन्हा नीट करायचा, तळाशी ठिणगी देणारी नवी टिकली बसवायची, मोजून दारू घालायची आणि वर गोळी बसवायची. त्यासाठी एक साधं, एका वेळी एकच पुंगळी घेणारं दाबयंत्र पुरतं. मोठं झगमगीत यंत्र नवशिक्याने घेऊच नये, असं मी प्रत्येकाला सांगायचे आणि आमच्या मॅनेजरच्या कपाळावर आठ्या चढायच्या. शिवाय त्या त्या काडतुसाचे साचे, लांबी मोजायची पट्टी, पुंगळ्या उभ्या ठेवायचा ठोकळा, डोळ्यांना चष्मा. कुठल्या काडतुसाला किती दारू ते सांगणारं पुस्तक. आणि काटा. गव्हाच्या दाण्याहूनही कमी वजन दाखवणारा छोटा काटा. दारू जास्त झाली तर बंदूक तोंडावर फुटू शकते, आणि कमी झाली तर गोळी नळीत अडकते आणि पुढच्या बाराला घात होतो. बाकी सगळ्यात थोडं इकडेतिकडे चालेल, यात नाही.

आमचे मॅनेजर रत्नागिरीचे. मी त्यांना भाई म्हणते. माणूस वाईट नाही, पण त्यांचा सगळा जन्म गावाला न्यायच्या पेट्या भरण्यात गेला आहे. आखातातून सुट्टीवर निघालेल्या माणसाची पेटी कशी असते ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे: टॉर्च हवी, थर्मास हवा, अत्तर हवं, आणि उघडल्यावर घरच्यांचे डोळे दिपले पाहिजेत. शिकारीच्या सामानाचं मोठं प्रदर्शन जवळ आलं तेव्हा भाईंनी "नवशिक्यांसाठी संपूर्ण सेट" केला, तो अगदी तस्साच. दाबयंत्र, साचे, पट्टी, ठोकळा, चष्मा, दारू घालायचा चमचा, आणि मग टॉर्च, थर्मास, एक कॅप, अत्तराची कुपी. काटा आणि पुस्तक गायब.

"भाई, काटा कुठे?"

"मॅडम, किमतीत बसत नाही. आणि खोका कसा भरलेला दिसतोय बघा ना!"

"मग तो माणूस दारू मोजणार कशाने?"

"चमचा आहे की आत. तुम्ही घरी नाताळला मैद्याचे फुगे तळता ते काय काट्यावर वजन करून करता?"

"फुगे बिघडले तर घरचे नाक मुरडतात. हे बिघडलं तर मुरडायला नाक राहत नाही."

भाई हसले नाहीत. "यल्ला, कामाला लागा. काउंटर नको असेल तर तसं सांगा," म्हणाले. धमकी स्पष्ट होती. मला ते काउंटर जिवापाड हवं होतं. त्या रात्री मी मनाशी शंभर वेळा म्हटलं की गप्प बसायचं.

प्रदर्शनात अल ऐनचे एक निवृत्त शिक्षक आले. पांढरी दाढी, मऊ बोलणं. भावाच्या फार्मवर पहिल्यांदाच काडतुसं भरून बघणार होते आणि लहान मुलासारखे हरखले होते. खोका उचलून त्यांनी हिंदीत विचारलं, "इसमें सब है? इससे शुरू कर सकता हूँ?"

"सब है, हबीबी, सब है," भाई माझ्या बाजूला उभे राहून म्हणाले.

मला राग आला. "नहीं सर," मी म्हटलं, "सब नहीं है." आणि तिथेच, सगळ्यांच्या समोर, खोका उघडून एकेक वस्तू बाहेर मांडली. काय नाही आणि ते नसेल तर काय होईल, हेही सांगितलं. त्यांनी टॉर्च हातात घेतली, चालू करून पाहिली, बंद केली.

"तो फिर ये किसलिए?"

शिक्षकांनी खोका खाली ठेवला, माझ्याकडे बघून आभार मानल्यासारखा छातीवर हात ठेवला आणि ते निघून गेले.

"खलास," भाई म्हणाले. "उद्यापासून शारजाचं गोडाऊन."

घरी, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, मुलगी म्हणाली, "मम्मा, जस्ट से सॉरी अँड गेट युअर काउंटर बॅक." कशाबद्दल सॉरी, ते तिला सांगता येईना. मी मागितली नाही आणि मागणारही नाही.

काउंटर गेल्याचं दुःख झालं. अजून होतं. गोडाऊनमध्ये गिऱ्हाईक येत नाही, कुणी काही विचारत नाही, दिवसभर नुसता पुठ्ठ्याचा वास. तेवढं एक बरं, की सगळी दुनिया सकाळी शारजाहून दुबईला येत असते आणि मी उलटी जाते, त्यामुळे शिक्षेचा रस्ता मोकळा मिळतो. पण भाई रागाच्या भरात एक गोष्ट विसरले. सेट भरले जातात ते गोडाऊनमध्येच.

पहिल्याच दिवशी मी टॉर्च, थर्मास, कॅप आणि अत्तर बाजूला काढलं आणि प्रत्येक खोक्यात काटा आणि पुस्तक घातलं. चोरून नाही. भाईंना आणि मालकांना तसा मेसेज पाठवला, फोटोसकट. दुपारी फोन आला.

"मॅडम, हे कुणाच्या परवानगीने?"

"कुणाच्याच नाही."

"किंमत कशी बसवायची?"

"नसेल बसत तर वाढवा. नाहीतर खोक्यावरचं 'संपूर्ण' काढा."

"नोकरी जाईल तुमची."

"घालवा. माझ्या जागी जो येईल त्याला काय भरायचं ते शिकवूनच मी निघेन."

भाई पलीकडे अजून बोलत होते. मी फोन खांद्याशी धरला आणि पुढचा खोका ओढला.