मॅक्रो काढणाऱ्या ताई

बाहेरून आलेल्या एक्सेल फाइलवर पिवळी पट्टी दिसली, की तुम्ही न वाचताच ‘एनेबल’ दाबता ना?

रबाळ्याच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या ताई कधीच दाबत नाहीत. मॅक्रो म्हणजे फाइलीत दडून आपोआप चालणारा प्रोग्रॅम. ताई त्याला ‘बिनबोलावलेला पावना’ म्हणतात. त्या जवळच्या शिरवणे गावच्या, ‘ण’ त्यांच्या जिभेवर टिकत नाही. फाइल साध्या प्रकारात सेव्ह करून मॅक्रो काढताना त्या पुटपुटतात, “चल, भायेर हो.”

परवा एका छोट्या वर्कशॉपवाल्या काकांच्या कोटेशनमध्ये पुन्हा मॅक्रो निघाला. साहेब म्हणाले, “ब्लॉक करा. ही पार्टी नको.” काकांचं वर्कशॉप आमच्याच कामावर चालतं. सावधगिरीच्या नावाखाली माणूस खोडायचा हक्क कुणी दिला?

ताईंनी जेवायला उघडलेला डबा झाकला आणि फोन लावला.

“काका, फाइलीत मॅक्रो कोनी टाकला?”

“मीच गं. क्लासात शिकलो. उघडल्यावर स्क्रीनवर ‘जेवलात का?’ येतं ना?”

“नाय येत. आमी तो चालूच करत नाय. त्याच्यापायी तुमचं काम जाईल, काका. जेवनाचं मेलमदी इचारा. आता मी सांगते तसा काढा त्याला.”

थोड्या वेळाने स्वच्छ फाइल आली. साहेबांनी ती घेतली. मेलच्या पहिल्या ओळीत काकांनी विचारलं होतं, “जेवलात का?” ताईंनी उत्तर टाइप केलं, “आता बसते.”

अनोळखी मॅक्रो तुम्हीही चालू करू नका. पण पाठवणाऱ्याला बाद करण्याआधी त्याला एक फोन करा.