निशाणवाल्याचं तोंड

अकोल्याला एका वकिलांच्या घरी रविवारी काही जण जमतात आणि टेबलावर लढाई खेळतात. अंगठ्याच्या पेराहून जरा मोठे प्लास्टिकचे सैनिक, थर्माकोलच्या टेकड्या, फासे, मोजपट्टी. घरी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आन् हे सारे नोकरीवाले हायत?"

हायत. वकील आहेत, एक प्राध्यापक, एक दातांचे डॉक्टर. मला त्या टेबलावर जागा हवी होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम. झालो, अमरावतीत नोकरी लागली, पण नोकरीवाला माणूस रविवारी करतो काय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. गावी रविवार नसतो. या लोकांचा रविवार पाहिला आणि वाटलं, हा आपल्यालाही जमला पाहिजे.

वकिलांचा नियम एकच होता. नागडं प्लास्टिक टेबलावर येत नाही, ज्याचा सैनिक त्यानं रंगवायचा. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या हातावर एक करडा सैनिक ठेवला, हातात निशाण धरलेला.

"हा रंगवून आण. फोटो ग्रुपवर टाकत जा, काय चुकलं ते आम्ही सांगू."

तांदळाच्या दाण्याएवढा चेहरा, पण त्यावर नाक होतं, मिशी होती, आणि ओरडायला उघडलेलं तोंड. ते तोंड नीट दिसावं म्हणून मी मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहिलं होतं.

रंगवणं मला येतं, अशी माझी समजूत होती. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल मिरवतात, तो आमचा बैल लहानपणापासून मीच रंगवत आलो. त्याची रीत साधी. ऑइलपेंट ब्रशवर भरपूर घ्यायचा, एकाच थरात सगळं लाकूड झाकायचं, आणि बैल उन्हात चमकला पाहिजे. नाही चमकला तर पोरं हसतात. या कामासाठी अ‍ॅक्रिलिकच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्या आणल्या आणि निशाणवालाही तसाच रंगवला, वरून व्हार्निश. चांदूर बाजारजवळ आमचं गाव आहे, तिकडं गेलो तेव्हा बाबांनी त्याला तळहातावर घेऊन फिरवला.

"मस्त चमकून राह्यला," ते म्हणाले. "फक्त शिंगं लावाची राह्यली."

मी हसलो आणि फोटो टाकला.

"पहिला का? छान प्रयत्न!" असं वकिलांनी लिहिलं. डॉक्टरांनी लिहिलं, "तोंड कुठं गेलं याचं?" प्राध्यापकांनी तीनच शब्द लिहिले, "थिन युअर पेंट्स."

मी फोटो मोठा करून पाहिला. खरंच, तोंड बुजलं होतं. ओरडणारा माणूस गप्प झाला होता.

रंग पातळ करायचा, पण कशानं? हे विचारायला एक ओळ पुरली असती. ती माझ्याच्यानं लिहवली नाही. त्या ग्रुपमध्ये मी डिग्रीच्या जोरावर बसलो होतो, आणि तीन शब्दांच्या इंग्रजीचा अर्थ विचारायचा? शिवाय अर्थ मला ठाऊक होता. डब्यातला रंग घट्ट झाला की बाबा त्यात थिनर ओततात. थिन करायचं तर थिनर. शब्दसुद्धा तोच. यात विचारायचं काय?

अमरावतीच्या हार्डवेअरच्या दुकानात मालक म्हणाला, "कोनतं थिनर देऊ, साधं का एनसी?"

"चांगलं द्या."

"फर्निचरले पाहिजे का?"

"हो," मी म्हटलं.

वाटीत रंग घेतला, त्यात थिनर टाकलं. रंग फाटला, दूध फाटतं तसा. मला वाटलं आपण कमी ढवळलं. आणखी ढवळलं, आणखी टाकलं आणि लावत गेलो. मग ब्रशखाली निशाणवाल्याचा गाल गुळासारखा चिकट लागायला लागला. आधीचा जाड रंग सुटतोय, तोंड मोकळं होईल, असं वाटून मी घासत राहिलो. वाळल्यावर पाहिलं तर खालचं प्लास्टिकच वितळलं होतं. नाक गेलं, मिशी गेली. सुईनं तोंड पुन्हा कोरायला बसलो तर गालातच भोक पडलं.

पण वकिलांना रविवारी येतो म्हटलं होतं, आणि आमच्यात येतो म्हटलं की जातात. साबणाच्या डबीत कापूस घातला, त्यात त्याला निजवला, बडनेरा स्टेशनवरून अकोल्याची गाडी धरली.

डॉक्टरांनी तो टेबलाच्या दिव्याखाली धरला. "अरे, याला काय झालं? भाजला का?"

"रंग पातळ केला," मी म्हटलं.

"कशानं?"

"थिनरनं."

मग प्राध्यापकांनी टेबलाची कड धरली. "अहो, पाणी! पाणी! दोन थेंब पाणी टाकायचं असतं हो!" आणि जे हसू सुटलं ते थांबेना. वकील तेवढे हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं.

"असू दे, होतं असं पहिल्यांदा," म्हणत त्यांनी निशाणवाला डॉक्टरांच्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला. थर्माकोलच्या टेकडीमागं. कुठूनही दिसणार नाही असा. माझी पाळी आली की तेच सांगायचे, "तुझा राहू दे तिथंच." मी फासेसुद्धा टाकले नाहीत. टेबलावर जागा मिळाली, ती अशी.

आता मी पाण्यानं रंगवतो. वकिलांनी दुसरे सैनिक दिले. फोटो टाकतो, आणि सगळे लिहितात, "छान." डॉक्टर छान लिहितात. प्राध्यापक अंगठा टाकतात. तोंड कुठं गेलं, असं कुणी विचारत नाही. त्यांना वाटतं मला लागेल. लागलं होतंच, पण तेव्हा ते सांगत होते ना काहीतरी.

परवा एक नगारेवाला रंगवला. त्याचा एक डोळा बडनेऱ्याकडं पाहतो आणि दुसरा अकोल्याकडं. फोटोखाली मी पहिल्यांदाच विचारलं, "डोळे चुकलेत. कसे करायचे असतात?" लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि पाठवलं.

वकिलांचं उत्तर लगेच आलं, "नाही रे, मस्त झालाय." खाली बाकीच्यांचे अंगठे.

नगारेवाल्याला मी खिडकीपाशी उजेडात नेलं. चुकलेत, हे मला दिसतं. कसं सुधारायचं, ते मला येत नाही. ब्रश धुऊन ठेवला तोवर वकिलांनी आणखी एक ओळ टाकली होती, "रविवारी येतोस ना?"

येतो म्हटलं.