हरलेल्यांच्या घरचा चहा

रेफरीकाकांनी जन्मात कुणाला कार्ड दाखवलं नाही. त्यांच्या खिशात कार्डं नसायचीच. धुतलेला रुमाल आणि चार लवंगा असायच्या. मी इथली, इंग्लंडमधली, रेफरीची परीक्षा रीतसर पास झालेला माणूस. दोन रंगांची कार्डं, एक जादा शिट्टी, असा सगळा सरंजाम घेऊन मी मैदानात उतरायचो. तरी मराठी मंडळाची मेडनहेड विरुद्ध हाउन्सलो फुटबॉल मॅच ठरली की सगळे विचारायचे, "काका येणारेत ना?" माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

काका बरीच वर्षं झांबियात तांब्याच्या खाणीवर इंजिनिअर होते. आठवडाभर पंप सांभाळायचे आणि रविवारी खाणकामगारांच्या मॅचमध्ये शिट्टी वाजवायचे. "दोन्ही टीम्सना माहीत होतं, ह्या माणसाचा इथे ना भाऊ ना मेव्हणा. तेवढंच माझं क्वालिफिकेशन!" हे वाक्य मला पाठ झालं होतं, पण लोक दर वेळी नव्याने हसायचे. मी पहिल्या फटक्यात परीक्षा पास झालो, ही गोष्ट मात्र आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलेली नाही.

मॅचच्या आधी ते एकूण एक खेळाडूचं नाव विचारून घेत. मग कुणी आडवा पाय घातला की जवळ जाऊन फक्त म्हणत, "रोहन, आईला फोन करू का?" हाउन्सलोचा हा रोहन दोन मुलांचा बाप, पण मुकाट्याने मान खाली घालायचा. त्याच रोहनला मी एकदा पिवळं कार्ड दाखवलं, तर "मी टचसुद्धा केलं नाही यार!" म्हणत तो मॅच संपली तरी माझ्याशी भांडत होता.

झांबियात काकांनी एकदा चुकीची पेनल्टी दिली होती. चूक लक्षात आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या गोलकीपरच्या घरी गेले. त्याच्या आईने आधी चांगलं फैलावर घेतलं, मग चहा पाजला. तेव्हापासून त्यांचा नेमच झाला. शिट्टी चुकली की हरलेल्यांच्या घरी जायचं. इथेही ते मेडनहेडहून आधी ट्रेन, मग बस करून हाउन्सलोला जात.

"काका, निकाल तर बदलत नाही. मग जायचं कशाला?" मी एकदा विचारलं.

"निकाल नाही रे बदलत. पण तो बिचारा स्वतःला दोष देत बसलेला असतो. दोष आपला. आपला आपण परत घेऊन यायचा."

मला हे नाटकी वाटायचं. खरं म्हणजे मला ते जमलं नसतं, म्हणून वाटायचं.

सगळ्यात झोंबलं ते घरच्याच माणसाचं. माझी लेक इरा इथेच जन्मलेली. एकदा मॅचनंतर गाडीत म्हणाली, "बाबा, तू ऑलवेज राइट असतो. काका फेअर असतो."

गेल्या वर्षी काकांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना ग्लासगोला घेऊन गेला. निरोपाच्या दिवशी त्यांनी झांबियातली पितळी शिट्टी काढली. माझा हात आपोआप पुढे गेला. काकांनी ती इराच्या हातात ठेवली. "हिला चूक कबूल करायची लाज वाटत नाही," ते म्हणाले. पुढे गेलेल्या हाताने मी समोरचा बटाटेवडा उचलला.

ह्या उन्हाळ्यात रेफरी इरा होती आणि मी मेडनहेडचा कोच. शेवटच्या मिनिटाला आमचा बरोबरीचा गोल तिने ऑफसाइड दिला आणि आम्ही हरलो. ऑफसाइड नव्हताच, नियम मला तोंडपाठ आहेत. मी घरी जाईपर्यंत तिच्याशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात इरा! मागच्या दाराने बाहेर पडून पुढे आली होती.

"बाबा, सॉरी. तो ऑफसाइड नव्हता. माझा चूक होता. मी काकाला फोन केला, तर तो म्हणाला, घरी जाऊन सांग. बट आय लिव्ह हिअर! म्हणून बाहेरून आले."

मी तिला आत घेतलं आणि चहा टाकला. काकांवर जळत होतोच. ग्लासगोत बसूनही माणूस माझ्या घरात शिट्टी वाजवत होता. आलं किसताना मला रोहनचं पिवळं कार्ड आठवलं. त्याने खरंच कुणाला धक्का लावला नव्हता. त्या संध्याकाळीच मला ते कळलं होतं.

चहा गाळून मी इराला विचारलं, "हाउन्सलोला जायचं तर ट्रेन किती वाजता आहे गं?"