गाल माझा, बातमी लेकाला

दहिवडीहून गाडी सुटली तेव्हा माझ्या लेकाने, प्रकाशने, सांगितलं होतं की आपण सांगलीला दाढेच्या डॉक्टरकडे चाललोय. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. पण थाप मारताना आपले कान लाल होतात हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. माझ्या डाव्या गालात तीन महिने न भरणारा फोड होता. साताऱ्याला त्याचा तुकडा काढून तपासायला दिला होता. त्याचा कागद प्रकाशने साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत घालून सीटखाली दडवला होता. मी तो आदल्या दिवशीच काढून बघितला. सगळा इंग्रजीत. एवढंच कळलं, की मला कळू नये असं काहीतरी त्यात आहे.

फोड कशाने झाला हे सांगायला मात्र डॉक्टर नको होता. लग्न होऊन आले तेव्हा आळीतल्या बायका मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावत गप्पा मारायच्या. मी सोळा वर्षांची अतिशहाणी. त्यांच्यात बसायला मिळावं म्हणून चिमूटभर लावली, भोवळ येऊन म्हशीच्या शेणात बसले, आणि दुसऱ्या दिवशी परत लावली! त्या पोरीला आता कुठे गाठून थोबाडीत द्यावी?

मायणी आली. माझी धाकटी बहीण शांता इथेच दिलेली.

"परकाश, शांताकडं पाच मिनटं थांब की."

"उशीर व्हतोय, आये. येताना बघू."

विट्याला चहासाठी थांबलो. प्रकाश टपरीमागे जाऊन फोनवर कुजबुजला. तोफांच्या आवाजाने कान गेलेला माणूस कुजबुजतो, तेव्हा अख्ख्या स्टँडला ऐकू जातं. "आयेला काय बी कळू द्यायचं न्हाई!" टपरीवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि न मागता चहात जादा साखर घातली.

विट्यापुढे माळ संपला. तासगावच्या द्राक्षबागा डोळे भरून बघत सांगलीत शिरलो. दवाखान्याच्या दारावर हातभर अक्षरात 'कर्करोग' लिहिलेलं. प्रकाश छाती काढून पाटीपुढे उभा राहिला. पाटी त्याच्यापेक्षा रुंद होती.

आत बाकावर शेजारी जतचे एक आजोबा होते.

"तुमचं काय वो?" मी विचारलं.

"मूळव्याध हाय म्हनत्यात. सून म्हनली. तुमचं?"

"दाढ."

दोघांनी आतल्या भिंतीवरचीही 'कर्करोग' पाटी बघितली आणि असे हसलो, की नर्सबाई ओरडली.

डॉक्टर माझ्या नातवाच्या वयाचा. गालात बॅटरी मारली, बोटाने चाचपलं, मग माझ्या डोक्यावरून प्रकाशला म्हणाला, "आजींना जरा बाहेर बसवा."

आणि मला सासूबाई आठवल्या. त्यांच्या पोटात गाठ होती. तीस वर्षांपूर्वी अशाच एका दवाखान्यात, डॉक्टरने न सांगताच मी त्यांना बाहेर बसवून आले होते. 'उष्णता हाय' म्हणून सांगितलं. परतीच्या एसटीत मायणी आली तशा त्या म्हणाल्या, "माजी भन हितंच हाय. उतरूया गं." मी म्हणाले, "बऱ्या झाल्यावर निवांत येऊ." दिवाळीआधी त्या गेल्या. बहीण मातीला (अंत्यविधीला) आली. आणि मी पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांत मिरवले, "शेवटपातूर कळू दिलं न्हाई बघा त्यास्नी!" जणू किल्लाच राखला होता मी.

मी खुर्चीचे हात धरले. "गाल माझा, आन् बातमी ह्याला? मी न्हाई उठत."

"आये, तुला न्हाई सोसायचं," प्रकाश म्हणाला. आता डोळेही लाल.

"तुला जन्म देताना सोसलंच की रं! बोला, डाक्टर."

डॉक्टरने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. गालाचा कॅन्सर आहे, म्हणाला. ऑपरेशन करून गालाचा भाग काढावा लागेल, नंतर रेडिएशनचे शेक द्यावे लागतील. पसरलाय का ते स्कॅनमध्ये कळेल.

"वाचेन का?"

"खात्री देत नाही, आजी. प्रयत्न करू. मिश्री आजपासून बंद."

कमरेच्या पिशवीतली डबी मी त्याच्या टेबलावर ठेवली. पन्नास वर्षांची सोबत. हात जरा रेंगाळला.

सांगलीत येऊन भडंग न घेता कोण जातं? चार दाणे तोंडात टाकले, गालाला आग लागली. पुडी बांधून मांडीवर घेतली.

आम्ही परत निघालो. दिवस कलताना मायणीची वेस दिसली.

"शांताकडं वळव."

"आये, आज नगं. बरी झाल्यावर निवांत येऊ."

शब्द न् शब्द माझाच. खोटं बोलायला ह्याला फौजेने नाही शिकवलं, मीच शिकवलं.

"गाडी थांबव," मी म्हणाले. "तुज्या आजीला मी हितं उतरू दिलं न्हाई."

त्याने गाडी थांबवली. शांता दारात आली, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "अगं बाई, काय म्हनला डाक्टर?"

प्रकाशने माझ्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि त्यानेच खरं ते सांगितलं. या खेपेला त्याचे कान लाल झाले नाहीत.

मी शांताच्या हातात भडंग ठेवलं आणि आत जाऊन बसले. निवांत.